वायरलेस सेन्सर नेटवर्कमध्ये इंटरनेट प्रोटोकॉल

आपला मोबाईल आणि कॉम्प्युटर ज्या नियमांनी एकमेकांशी बोलतात त्याच नियमांनी बॅटरीवर चालणारे छोटे सेन्सरसुद्धा रेडिओवरून बोलायला लागले, की त्याला सेन्सर नेटवर्कमध्ये आयपी वापरणं म्हणतात. प्रत्येक सेन्सरला, म्हणजे नोडला, स्वतःचा आयपी पत्ता मिळतो आणि त्याने पाठवलेलं पॅकेट, म्हणजे पत्ता लिहिलेलं माहितीचं पाकीट, मधे कुठेही दुसऱ्या भाषेत न बदलता सर्व्हरपर्यंत जाऊ शकतं.

समजा देवगडच्या सड्यावर हापूसची बाग आहे. मोहोर आला की रोजची काळजी सुरू, मळभ आलं, हवा दमट झाली, दव पडलं की तुडतुडे, भुरी, करपा कधी लागेल सांगता येत नाही, म्हणून कलमांवर तापमान, आर्द्रता आणि पानाचा ओलेपणा मोजणारे नोड लावलेत आणि सगळ्यांची माहिती घराच्या पडवीतल्या एका डब्याकडे येते. जुन्या पद्धतीत हा डबा दुभाष्या असायचा, नोडांची भाषा वेगळी, इंटरनेटची वेगळी, आणि डबा बिघडला किंवा बनवणाऱ्याने सपोर्ट बंद केला की झाडावरचे चांगले चालू नोडही मुके. आयपीमध्ये तो डबा फक्त राउटर, म्हणजे पॅकेट पुढे ढकलणारा, असतो, तो काढून दुसऱ्या कोणाचा, तेच स्टँडर्ड पाळणारा, लावता येतो. माझ्या मते आयपीचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे, बाकीचे नंतर.

सुरुवातीला बऱ्याच जणांचं म्हणणं होतं की आयपी इतक्या छोट्या यंत्राला झेपणार नाही. स्वीडनच्या ॲडम डंकेल्स यांनी यूआयपी हे छोटं आयपी सॉफ्टवेअर लिहून ८ बिटच्या चिपवरही ते बसतं हे दाखवलं, मग २००५ मध्ये इंटरनेटची स्टँडर्ड ठरवणाऱ्या आयईटीएफने यासाठी वेगळा गट केला आणि २००७ मध्ये सिक्सलोपॅनचं, म्हणजे कमी विजेच्या छोट्या रेडिओवर आयपीव्ही६ (आयपीची नवी आवृत्ती) बसवायच्या पद्धतीचं, स्टँडर्ड आलं, आरएफसी ४९४४ (आयईटीएफच्या क्रमांक दिलेल्या दस्तऐवजांना आरएफसी म्हणतात).

खरी अडचण जागेची होती. या नोडांचा रेडिओ बहुतेक आयट्रिपलई ८०२.१५.४ प्रकारचा, त्याची एक फ्रेम, म्हणजे एका वेळी हवेत जाणारा डेटा, जास्तीत जास्त १२७ बाईटची, आणि आयपीव्ही६ म्हणतं किमान १२८० बाईटचं पॅकेट वाहता आलंच पाहिजे. रेडिओचं स्वतःचं हेडर, म्हणजे पुढे लावलेली पत्ता वगैरे माहिती, २५ बाईटपर्यंत जातं, सुरक्षेला आणखी २१, उरले ८१, त्यातून आयपीव्ही६ चं हेडर ४० आणि यूडीपीचं (पोच न मागता पॅकेट पाठवायचा साधा नियम) ८ काढलं की हातात ३३ बाईट! म्हणून सिक्सलोपॅन दोन कामं करतं, मोठं पॅकेट तुकडे करून पाठवतं आणि हेडर दाबून छोटं करतं. दाबायची युक्ती आपल्या वाडीतल्यासारखी आहे, वाडीतल्या वाडीत निरोप द्यायचा तर कोणी गाव, तालुका, जिल्हा सांगत बसत नाही, नुसतं घर सांगितलं तरी पुरतं. तसंच नेटवर्कचा सामाईक भाग सगळ्यांना माहीतच असतो, लांबी फ्रेमवरून कळते, पत्त्याचा उरलेला भाग रेडिओच्या पत्त्यावरून काढता येतो, मग ते लिहायचंच नाही. २०११ च्या आरएफसी ६२८२ नुसार शेजाऱ्या-शेजाऱ्यात ४० बाईटचं हेडर २ बाईटवर येतं, मधे इतर नोडांवरून जायचं असेल तर साधारण ७ वर. तुकडे मात्र शक्यतो टाळावेत, एक तुकडा हरवला तरी सगळं पॅकेट वाया जातं.

नोडांमधून पॅकेटचा रस्ता शोधायचं काम आरपीएल या नियमाचं, तो २०१२ चा. पडवीतला राउटर मूळ, त्याच्यापासून किती लांब यावरून प्रत्येक नोडला एक रँक, आणि प्रत्येकजण आपल्यापेक्षा मुळाजवळचा चांगला शेजारी पालक म्हणून निवडतो. पावसात भिजलेली दाट पानं २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल बराच खातात, त्यामुळे मे महिन्यात छान चालणारा दुवा जुलैत बंद पडू शकतो. व्हाळाला पाणी आलं की आपण साकवावरून वळसा घालून जातो तसा नोडही दुसरा पालक पकडतो. सगळं शांत असताना रस्त्याचे निरोप कमी-कमी होत जातात, गडबड झाली की लगेच वाढतात, बॅटरी वाचते ती अशी. रेडिओ नुसता ऐकत ठेवला तरी जवळपास पाठवण्याइतकीच वीज जाते, म्हणून नोड बहुतेक वेळ झोपलेलाच ठेवतात, आणि मळभात सोलार पॅनल नीट चार्ज होत नाही तेव्हा हे फारच गरजेचं.

टीसीपी, म्हणजे पोच घेत पाठवायचा इंटरनेटचा नेहमीचा नियम, इथे सहसा जमत नाही, पॅकेट हरवलं की त्याला वाटतं गर्दी झाली आणि ते वेग कमी करतं, खरं कारण ओली पानं असली तरी. म्हणून यूडीपीवर कोॲप हा छोट्या यंत्रांसाठीचा नियम वापरतात, २०१४ चा, हेडर फक्त ४ बाईट, वेबसारखंच गेट (माहिती मागणं) आणि पुट (माहिती ठेवणं) आहे, पोच हवी तर मागता येते. सुरक्षेसाठी डीटीएलएस, म्हणजे यूडीपीवरचे निरोप कुलूपबंद करायची पद्धत, लावतात आणि ते लावायलाच हवं, पत्ता आहे म्हणजे कोणीही येऊन वाचावं असं नाही.

एक गैरसमज नेहमी दिसतो, आयपी म्हणजे इंटरनेट चालू असलंच पाहिजे. तसं नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा रायगड-दापोलीकडे लाईट आणि मोबाईल कित्येक दिवस बंद होते, अशा वेळी बाहेरचा दुवा गेला तरी नोड आणि राउटर आपल्या स्थानिक आयपीव्ही६ पत्त्यांवर बोलत राहू शकतात, राउटरला तेवढी बॅटरी पाहिजे, आणि घरातल्या लॅपटॉपवरून नोडला थेट विचारता येतं.

पण सगळीकडे हेच वापरा असं मी म्हणणार नाही. वाशिष्ठीच्या वरच्या अंगाला डोंगरात एकच पर्जन्यमापक ठेवायचा असेल तर मधे नोडांची रांग लावण्यापेक्षा ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर, जिथे भारतात लायसन्स लागत नाही, लोरा हा लांब पल्ल्याचा, कमी विजेचा रेडिओ सोपा पडतो. तिथे लांब पल्ल्याला फ्रेम आणखी छोटी, तरी २०२० च्या आरएफसी ८७२४ मधल्या दाबण्याच्या पद्धतीने आयपी तिथेही बसवता येतं.