ट्रान्स फॅट फ्रायरमध्ये बनतं की कारखान्यात?

तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात ट्रान्स फॅट तयार होतं, हे आता इतकं रुळलंय की त्यावर कुणी शंकाही घेत नाही. त्यात तथ्य आहे, पण चिमूटभर. 180 अंश सेल्सिअसच्या आसपास तळताना बनणारं ट्रान्स फॅट अगदी थोडं असतं. फास्ट फूडमधून कित्येक दशकं लोकांच्या पोटात गेलेलं ट्रान्स फॅट मुख्यतः तेलाच्या डब्यातूनच आलं होतं.

वनस्पती तेलांतल्या मेदाम्लांच्या लांब कार्बन साखळीत काही ठिकाणी दुहेरी बंध असतात. निसर्गात त्या बंधापाशी दोन्ही हायड्रोजन अणू बहुधा एकाच बाजूला असतात, त्यामुळे साखळीला तिथे बाक येतो. वाकड्या साखळ्या एकमेकींना खेटून नीट रचल्या जात नाहीत, म्हणून तेल पातळ राहतं. 1902 मध्ये विल्हेल्म नॉर्मान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला हायड्रोजनच्या मदतीने तेल घट्ट करण्याच्या पद्धतीचं, म्हणजे हायड्रोजनीकरणाचं, पेटंट मिळालं. यात उत्प्रेरक म्हणून निकेल वापरतात. मेदाम्लाची साखळी निकेलला चिकटते आणि एक हायड्रोजन अणू घेते. दुसरा मिळण्याआधीच ती सुटली, तर दुहेरी बंध पुन्हा जुळतो, पण आता हायड्रोजन एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना असू शकतात. बाक जातो, साखळी जवळपास सरळ होते. हेच ट्रान्स फॅट. फरक केवढा पडतो बघा: ओलेइक आम्ल हे तेलांतलं एक मेदाम्ल साधारण 13 अंशांना वितळतं, तर त्याचं ट्रान्स रूप, इलायडिक आम्ल, 45 अंशांच्या आसपास. अणू तेच आणि तेवढेच.

गंमत अशी की हायड्रोजनीकरण पूर्ण केलं तर दुहेरी बंधच उरत नाहीत, त्यामुळे ट्रान्स फॅटही जवळजवळ उरत नाही. मिळतं ते कडक, संपृक्त (म्हणजे दुहेरी बंध नसलेलं) मेद. पण तळणाऱ्यांना हवं होतं अर्धवट. सोयाबीनसारख्या तेलातलं लिनोलेनिक आम्ल तीन दुहेरी बंधांचं असल्याने हवेतल्या ऑक्सिजनच्या तावडीत पटकन सापडतं आणि तेल खवट होतं. त्यातले काही बंध कमी केले की फ्रायरमधलं तेल बरेच दिवस टिकतं. धंद्याला आणखी काय हवं?

त्यातच अमेरिकेत प्राणिज चरबीविरुद्ध ओरड सुरू झाली. 1990 मध्ये मॅकडोनाल्ड्सने तिथे बटाटे तळायला वापरलं जाणारं गोचरबीचं मिश्रण सोडलं आणि हृदयाच्या काळजीपोटी वनस्पती तेल घेतलं. ते तेल अंशतः हायड्रोजनीकृत होतं! त्याच वर्षी मेन्सिंक आणि काटान या डच संशोधकांनी दाखवलं की ट्रान्स फॅट घातक एलडीएल कोलेस्टेरॉल वाढवतं आणि वर उपयुक्त एचडीएलही घटवतं. संपृक्त मेद एचडीएल घटवत नाही. म्हणजे आगीतून फुफाट्यात.

दोष तेलाचा, तळण्याचा नव्हे, याचा माझ्या मते सर्वांत बोलका पुरावा डेन्मार्कमधून आला. 2003 मध्ये त्या देशाने अन्नातल्या दर 100 ग्रॅम मेदात कारखानी ट्रान्स फॅट 2 ग्रॅमच्या वर नको, असा नियम केला. पुढे स्टेन स्टेंडर आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या देशांत मॅकडोनाल्ड्सचे तळलेले बटाटे आणि चिकन नगेट्स विकत घेऊन तपासले. 2006 मध्ये छापलेल्या त्या निष्कर्षांनुसार मोठ्या आकाराच्या त्याच जेवणात डेन्मार्कमध्ये 1 ग्रॅमहूनही कमी ट्रान्स फॅट होतं, न्यूयॉर्कमध्ये सुमारे 10 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 2,000 कॅलरींच्या आहारात दिवसभरात 2.2 ग्रॅमपेक्षा कमीच असावं. पदार्थ तेच, नाव तेच. वेगळं होतं ते तेल. त्याच वर्षाच्या अखेरीस न्यूयॉर्क शहराने उपाहारगृहांवर बंधन आणलं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अंशतः हायड्रोजनीकृत तेल सुरक्षित मानलं जाणार नाही असं ठरवलं, ते मात्र 2015 मध्ये. आता अनेक ठिकाणी ओलेइक आम्ल जास्त असलेली सूर्यफूल आणि सोयाबीनची तेलं वापरतात. ती हायड्रोजनीकरणाशिवायच टिकाऊ असतात.

म्हणून काळंकुट्ट झालेलं तेल निर्दोष ठरत नाही. वारंवार तापवलेल्या तेलात अल्डिहाइडं, एकमेकांत गुंतलेले मेदरेणू आणि इतर ध्रुवीय संयुगं साचत जातात. अनेक युरोपीय देशांत ही संयुगं 25 टक्क्यांच्या आसपास पोचली की तेल टाकून द्यावं लागतं. ती मोजायला तेलात बुडवायची छोटी उपकरणं मिळतात. ट्रान्स फॅट मोजायचं तर नमुना प्रयोगशाळेतच पाठवावा लागतो.