पेट्रोल घातल्याने डिझेल गाडीची ओढ परत येत नाही

'डिझेल गाडी चढावर ओढत नसेल तर टाकीत दोन लिटर पेट्रोल घाला, इंजेक्टर साफ होतात,' असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. (इंजेक्टर म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारे भाग.) याला मूळ आहे. थंड देशांत डिझेल गोठू नये म्हणून जुन्या इंजिनांत थोडं पेट्रोल किंवा रॉकेल मिसळत. पण आजच्या कॉमन रेल इंजिनात सगळ्या इंजेक्टरांना एकाच नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल मिळतं; त्यासाठी पंप हजार बारहून (हवेच्या दाबाच्या साधारण हजारपटीहून) जास्त दाब तयार करतो, आणि त्याला वंगण मिळतं ते डिझेलचंच. पेट्रोलने ते वंगण घटतं, पंप झिजतो, धातूचा चुरा थेट इंजेक्टरांत जातो. हा खर्च फार मोठा, म्हणून कळकळीने सांगतो.

आधी स्वस्तातलं तपासा. गोव्यातल्या डिचोली-सांग्याच्या लाल धुळीने एअर फिल्टर तुंबतो. काढून उजेडासमोर धरा; उजेड आरपार दिसत नसेल तर तो तुंबलाय. मग इंजिन थंड असताना डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल घ्या आणि थांबा. पाणी असलं तर खाली वेगळा थर दिसतो. गोव्याच्या पावसाळ्यात हे नक्की बघाच.

काळा धूर आणि रेस दिल्यावर फुस्स आवाज? टर्बोच्या (इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या भागाच्या) रबरी पाइपाला क्लिपजवळ चीर किंवा तेलकट डाग शोधा. काहीच सापडलं नाही, तर मेकॅनिककडे स्कॅनर लावून रेलचा अपेक्षित आणि प्रत्यक्ष दाब ताडून बघायला सांगा.