तालुक्याच्या वकिलांच्या शोकसभेमागचा इतिहास

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३, नियम ४ प्रमाणे एकदा दाखल केलेलं वकीलपत्र प्रकरण संपेपर्यंत चालतं. कोर्टाच्या परवानगीने ते काढून घेतलं, किंवा पक्षकार अथवा वकील यांतला एक जण वारला, तरच ते मध्ये संपतं. त्यामुळे तालुक्याच्या गावी जुने वकील गेले की चार दिवसांत त्यांच्या ऑफिसबाहेर पक्षकार येऊन बसतात. कारकून कपाटातून एकेक बस्ता काढतो, तारीख सांगतो, नव्या वकीलपत्रावर सह्या-अंगठे होतात. त्याआधी कोर्टात शोकसभा झालेली असते. न्यायाधीश उभे, बार म्हणजे सगळा वकीलवर्ग उभा, त्यांचे अध्यक्ष ठराव वाचतात, दोघं-तिघं बोलतात, दोन मिनिटं स्तब्धता. चाळीस-पन्नास वर्षांच्या वकिलीची बहुतेक वेळा एवढीच जाहीर दखल घेतली जाते. तिच्याकडे रिवाज म्हणून पाहू नये असं मला मनापासून वाटतं, आणि त्याचं कारण या व्यवसायाच्या इतिहासात आहे.

मुंबई इलाख्यात १८२७ च्या एल्फिन्स्टन कोडने जिल्हा कोर्टांची घडी बसवली आणि सनद घेतलेल्या वकिलाला त्यात जागा दिली. १८४६ च्या कायद्याने धर्म आणि राष्ट्रीयत्वाची अट काढून हा व्यवसाय सर्वांना खुला केला. मग १८५९ ची दिवाणी संहिता, १८६० ची दंड संहिता आणि १८६२ मध्ये मुंबईचं हायकोर्ट आलं. कायदा इंग्रजीत, पक्षकार मराठीत बोलणारा आणि त्याच्या गाठोड्यातली खतं मोडीत. या तिन्हींच्या मधोमध मुफस्सलचा, म्हणजे मुंबईबाहेरच्या जिल्ह्या-तालुक्याचा वकील उभा राहिला. खत वाचायचं, त्याचा अर्थ पक्षकाराला सांगायचा आणि कायद्याच्या भाषेत दावा मांडायचा, हे सगळं त्याच्याकडे. मुंबईत बॅरिस्टर, जिल्ह्यात परीक्षा देऊन सनद मिळवलेले वकील, म्हणजे हायकोर्ट प्लीडर आणि डिस्ट्रिक्ट प्लीडर, अशी उतरंड होती. या परीक्षांसाठी पुण्यात टिळकांनी लॉ क्लास चालवला होता. १९२० च्या बॉम्बे प्लीडर्स ॲक्टने प्लीडरांचे नियम नव्याने बांधले. उतरंड मात्र १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टने मोडली आणि सगळे एकाच नावाने ‘अधिवक्ता’ झाले.

महाराष्ट्रभर हा इतिहास एकसारखा नाही. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, कोर्टाची भाषा उर्दू होती. घरी मराठी बोलणारा वकील कोर्टात उर्दूत दावा लिहायचा, आणि १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर त्याच माणसांना सगळं कामकाज नव्याने शिकावं लागलं. वऱ्हाड मध्य प्रांताशी जोडलेला होता. कोल्हापुरात शाहू महाराजांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या तरुणांना वकिलीच्या सनदा दिल्या. ज्याला कोर्टाच्या पायरीशीही मान नव्हता त्याने आत उभं राहून युक्तिवाद करायचा, ही केवढी मोठी उलथापालथ होती! स्त्रियांना कायद्याने वाट मिळाली १९२३ मध्ये. तालुक्याच्या बार रूममध्ये त्या दिसायला पुढे कितीतरी दशकं गेली.

गावचा वकील हा नेहमीच आदराचा धनी होता असंही नाही. १८७५ च्या दंगलीत पुणे-नगरकडच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्यांत वकिलांना उभं राहायलाच सर्वसाधारणपणे बंदी केली. वकील सावकाराचा, ही लोकभावना सरकारनेही मान्य केली होती. चित्र पालटायला काळ जावा लागला. १९२० नंतर असहकारात अनेकांनी कोर्टाकडे पाठ फिरवली, चालती वकिली सोडली. पुढे १९४८ चा कुळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन आला, त्या दिवशी कुळं जमिनीची मालक मानली गेली. कुळकायद्याच्या कलम ‘३२ ग’ खाली जमिनीच्या किमती ठरवण्यापासून प्रांताधिकारी आणि महसूल न्यायाधिकरणापर्यंतची अपिलं सुरू झाली. एखाद्या घराची जमीन आज कोणाच्या नावावर आहे याचं उत्तर पुष्कळदा त्या काळी बाजू मांडणाऱ्या वकिलाच्या मेहनतीत सापडतं.

आणि तरीही नाव कुठे नाही. इंडियन लॉ रिपोर्ट्स १८७६ पासून आणि बॉम्बे लॉ रिपोर्टर १८९९ पासून निवाडे छापत आले. त्यांत नावं येतात ती हायकोर्टात उभे राहिलेल्या वकिलांची. पण साक्षीपुरावा झालेला असतो खाली. उलटतपासात जे विचारायचं राहिलं ते वर जाऊन विचारता येत नाही. १९७६ च्या दुरुस्तीनंतर तर दुसऱ्या अपिलात कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच दार उघडतं. सगळी इमारत तालुक्यात घातलेल्या पायावर उभी. चवदार तळ्याचंच पाहा. १२ डिसेंबर १९२७ ला महाडच्या कोर्टात दावा पडला, दोन दिवसांत मनाई हुकूम झाला आणि शेवट झाला १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टात. बाबासाहेब त्यात स्वतः प्रतिवादी होते, म्हणून हे प्रकरण सगळ्यांच्या तोंडी आहे. महाडच्या त्याच कोर्टात त्या वर्षी चाललेल्या इतर दाव्यांतल्या वकिलांची नावं आज कोण सांगेल?

लक्षात राहिले ते सार्वजनिक जीवनात उतरलेले. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांचं वकीलपत्र घेणारे गणेश वासुदेव जोशी आपल्याला ‘सार्वजनिक काका’ म्हणून माहीत आहेत. यवतमाळचे बापूजी अणे लोकनायक झाले. कराडला वकिलीची सुरुवात करणारे यशवंतराव चव्हाण तर फार पुढे गेले. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे (१८५४-१९३८) मला यात वेगळे वाटतात, कारण ते रोजनिशी लिहीत. शिर्डीच्या मुक्कामातल्या नोंदी पुढे छापल्या गेल्या. वकिलाने स्वतःचे दिवस लिहून ठेवले तर काय हाती लागतं ते त्यांत दिसतं. बाकीच्यांनी लिहिले ते दावे, कैफियती, निशाणी ५ चे (तात्पुरत्या मनाई हुकमाचे) अर्ज. त्यांतले बरेच कागद नियमाप्रमाणे ठरावीक वर्षांनी नष्ट होतात. ई-कोर्टाच्या पडद्यावर वकिलाचं नाव दिसतं खरं, पण त्या आधीच्या पिढ्यांचं काय?

म्हणून शोकसभेतलं भाषण महत्त्वाचं. ‘दिलदार व्यक्तिमत्त्व’, ‘न भरून येणारी पोकळी’ यांत दोन मिनिटं घालवण्यापेक्षा कोणत्या साली सनद घेतली, कोणाचे ज्युनिअर होते, कोणत्या खटल्यात काय केलं, हे सांगावं आणि ठरावात लिहून ठेवावं. शोकप्रस्तावासाठी काम बंद ठेवण्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये नापसंती दाखवली, ती पक्षकाराच्या बाजूने योग्यच आहे. लांबून एसटीने आलेल्या माणसाची तारीख फुकट जाऊ नये. सभा संध्याकाळी घ्यावी, पण नीट घ्यावी. मागे राहिलेल्या कुटुंबासाठी १९८१ च्या कायद्याने कल्याण निधी केला आहे, वकीलपत्रावर चिकटवलेल्या तिकिटातून तो भरतो. आठवणींसाठी मात्र तसा कोणताच निधी नाही.

माझे सीनिअर वारले तेव्हा वाटपाच्या एका दाव्यात प्रतिवादीचा उलटतपास अर्धा झाला होता. पक्षकाराने माझ्या वकीलपत्रावर सही केली आणि मी बस्ता उघडला. आत फुलस्केपवर त्यांच्या बारीक अक्षरात मराठीत प्रश्न लिहिलेले होते, विचारून झालेल्यांपुढे लाल खूण. ‘विहिरीवर इंजिन बसवलं त्या साली तुम्हाला नोकरी होती का?’ या प्रश्नापुढे खूण नव्हती. शेजारी समासात लिहिलं होतं, ‘आधी फेरफार दाखवणे, मगच विचारणे.’ पुढच्या तारखेला मी फेरफार दाखवला आणि तिथून पुढचे नऊ प्रश्न त्याच क्रमाने विचारले.