बडोद्यात गच्चीवर सोलर: अर्ज सोपा, लाइट बिलावरचं नाव अवघड

गच्चीवर सोलर पॅनेल बसवायला केंद्र सरकार सबसिडी देतं, त्या पीएम सूर्यघर योजनेचा अर्ज मोबाइलवर बसल्या बसल्या भरता येतो. अडतं ते दुसरीकडेच. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुऱ्यातल्या कितीतरी जुन्या मराठी घरांत लाइट बिल अजून आजोबांच्या नावानं येतं. बिल वेळेवर भरलं जातं, जीईबीवाले काही विचारत नाहीत, त्यामुळे नाव बदलायची गरज कुणाला भासली नाही. (जीईबी, म्हणजे गुजरातचं जुनं वीज मंडळ, जाऊन एमजीव्हीसीएल ही वीज कंपनी आली २००५ साली, पण आपल्या तोंडी अजून जीईबीच.) सबसिडीसाठी मात्र लाइट बिल, आधार आणि बँक खातं या तिन्हींवर एकाच माणसाचं नाव लागतं, आणि तो माणूस हयात असावा लागतो. म्हणून पॅनेलवाल्याला फोन लावण्याआधी बिल काढून त्यावरचं नाव वाचा.

नाव बदलायचं तर मृत्यूचा दाखला, पेढीनामा (वंशावळ), वेरा बिल (घरपट्टी) किंवा मिळकतीचा दुसरा पुरावा आणि बाकीच्या वारसांचं संमतीपत्र एमजीव्हीसीएलच्या आपल्या सबडिव्हिजनला द्यावं लागतं. संमतीपत्रावर सगळ्यांच्या सह्या हव्यात. एक काका पुण्यात, आत्या नागपूरला, चुलतभाऊ अमेरिकेत, अशी स्थिती असेल तर खरा वेळ इथेच जातो. शिवाय वाडा वाटणीचा असेल तर कुणाला तरी हमखास वाटतं की मीटरवर नाव चढलं म्हणजे वाड्यावर हक्क लागला. तसं नसतं. वीजजोडणीचं नाव मालकी ठरवत नाही. संमतीपत्रातच ही ओळ लिहून घेतली की सह्या लवकर मिळतात. मागची थकबाकी असेल तर तीही आधी चुकती करा.

पात्रतेचं फार नाही. अर्जदार भारतीय नागरिक असावा, घरगुती वीजजोडणी असावी, पॅनेल बसतील असं छत असावं आणि त्या घरासाठी आधी सोलरची सबसिडी घेतलेली नसावी. उत्पन्नाची अट नाही. भाडेकरूलाही दार बंद नाही: जोडणी त्याच्या नावावर आणि छत वापरायला मालकाची लेखी परवानगी असेल तर अर्ज करता येतो. सामाईक गच्चीचंही तेच, बाकीच्यांची संमती हवी. सोसायटी असेल तर लिफ्ट, पाण्याची मोटर आणि जिन्यातले दिवे यांसाठी सोसायटीच्या नावानं वेगळा अर्ज होतो आणि तिथे किलोवॅटमागे १८,००० रुपये मिळतात.

घरासाठी सबसिडी अशी: पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्यासाठी १८,०००. म्हणजे एकला ३०,०००, दोनला ६०,०००, तीन किंवा त्याहून जास्तला ७८,०००, त्यावर काही नाही. पॅनेल आणि इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) यांतली जी क्षमता कमी, तीच धरली जाते. तीन किलोवॅटची पॅनेल लावून दोनचा इन्व्हर्टर बसवला तर सबसिडी दोनचीच. योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली आणि तिची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे.

किती किलोवॅट घ्यावं, यात बडोदेकरांची एक ठरलेली गफलत होते. पोर्टलवरचा हिशेब महिन्याच्या युनिटांचा आहे: १५० युनिटांपर्यंत एक ते दोन किलोवॅट, १५० ते ३०० ला दोन ते तीन. आपलं बिल येतं दोन महिन्यांचं. बिलावर ४०० युनिट दिसले की लोक पाच किलोवॅटची चौकशी करतात. खरी गरज दोन-अडीचची असते. जास्तीचे युनिट जीईबी विकत घेते हे खरं, पण आपण जो भाव मोजतो त्याहून बऱ्याच कमी भावात. एक किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि त्यातून दिवसाला चारेक युनिट निघतात. शेजारच्या इमारतीच्या टाकीची सावली एका पॅनेलवर पडली तरी रांगेतल्या सगळ्यांचं उत्पादन घटतं. हिवाळ्यात सावल्या लांबतात, तेव्हा उन्हाळ्यात गच्ची पाहून गेलेल्या माणसाच्या शब्दावर राहू नका. कौलारू छप्पर असेल तर आधी वाशांची ताकद तपासून घ्या. आणि उत्तरायणाला (संक्रांतीला) गच्ची दुसऱ्यांना द्यायची सवय असेल तर ती मोडावी लागेल. पतंगाच्या नादात पॅनेलवर पाय पडायला वेळ लागत नाही.

आता अर्ज. पीएम सूर्यघर डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर राज्य, वीज कंपनी आणि बिलावरचा ग्राहक नंबर टाकून मोबाइलच्या ओटीपीनं नोंदणी होते. अलीकडचं बिल, आधार, बँक पासबुक किंवा रद्द केलेला चेक आणि छताचा फोटो हाताशी ठेवा. कर्ज घ्यायचं असेल तर पॅनकार्डही. दहा किलोवॅटपर्यंत तांत्रिक मंजुरीसाठी थांबावं लागत नाही. नंतर पोर्टलच्या यादीतला वेंडर, म्हणजे पॅनेल बसवणारा, निवडायचा आणि त्याच्याशी करार करायचा. यादीबाहेरच्या माणसाकडून काम करून घेतलं, ते कितीही स्वस्त असलं, तरी सबसिडी गेली. करारात पाच वर्षांची देखभाल लिहिलेली आहे ना, आणि पॅनेल डीसीआर, म्हणजे सेलसकट भारतात बनलेली आहेत ना, हे पाहा. बाहेरच्या सेलची पॅनेल स्वस्त मिळतात, पण ती या योजनेत चालत नाहीत.

पॅनेल बसली की वेंडर तपशील आणि फोटो पोर्टलवर चढवतो, वीज कंपनीचा माणूस तपासून जातो, नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारा) लागतो आणि यंत्रणा चालू झाल्याचं कमिशनिंग प्रमाणपत्र निघतं. त्यानंतर बँकेचा तपशील भरायचा. सबसिडी साधारण महिन्याभरात तुमच्या खात्यात येते. वेंडरच्या खात्यात ती कधीच जात नाही. तेव्हा ‘सबसिडीचं आम्ही बघतो, तुम्ही फक्त ओटीपी सांगा’ म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. तीन किलोवॅटपर्यंत सरकारी बँका दोन लाखांपर्यंत विनातारण कर्ज देतात. त्याचा अर्ज जनसमर्थ पोर्टलवरून होतो.

बॅटरीबद्दल अर्ज करण्याआधीच ठरवा, कारण इन्व्हर्टर त्यावर अवलंबून आहे. साधा, ग्रिडला (वीज कंपनीच्या तारांच्या जाळ्याला) जोडलेला इन्व्हर्टर लाइट गेली की भर दुपारीही बंद पडतो. तो बिघाड नाही. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला तुमच्या गच्चीवरची वीज लागू नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो. लाइट गेल्यावरही पंखे हवे असतील तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. हायब्रिड चालतो, पण बॅटरीसाठी सबसिडीचा एक रुपया वाढत नाही. नेट मीटर असलेलं घर जास्तीची वीज ग्रिडला देतं आणि लागेल तेव्हा परत घेतं, म्हणजे त्याची बॅटरी ग्रिडच. मेहसाणा जिल्ह्यातल्या मोढेऱ्यात ऑक्टोबर २०२२ पासून गाव चोवीस तास सौरऊर्जेवर चालतं ते तिथे १५ मेगावॅट-तासांची साठवण बसवली म्हणून, पण ती सार्वजनिक खर्चानं. नायजेरियासारख्या देशांत, जिथे ग्रिडचा भरवसा नाही, तिथे माणूस पॅनेलच्या आधी बॅटरीचा विचार करतो. बडोद्यात लाइट इतकी जात नाही. माझं मत: घरात ऑक्सिजन यंत्र असेल, इन्सुलिन फ्रिजमध्ये असेल किंवा कुणी घरून काम करत असेल तरच बॅटरी घ्या. हौस म्हणून घेतलेली बॅटरी बचतीची वर्षं लांबवते.

घ्यायचीच तर मोजून. दोन पंखे, चार दिवे, फ्रिज आणि वायफाय मिळून ३०० वॅटच्या आसपास जातात. चार तासांना सव्वा युनिट. दोन-अडीच युनिटांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी पुरते. दीड टनाचा एसी तिच्यावर लावाल तर दीड तासात ती झोपेल. आता एसी सोडवत नसेल तर बॅटरीचा आकार दुप्पट-तिप्पट होतो आणि किंमतही.

बसवायची कुठे, हे विश्वामित्रीच्या काठच्यांना सांगायला नको. ऑगस्ट २०२४ मध्ये नदी ३५ फुटांच्या वर गेली तेव्हा तळमजल्यावर जिन्याखाली ठेवलेली उपकरणं पाण्यात होती. इन्व्हर्टर आणि बॅटरी पहिल्या मजल्यावर किंवा निदान पुराच्या जुन्या खुणेच्या वर, हवेशीर आणि थेट उन्हाबाहेर बसवायला सांगा, आणि ती जागा करारातच लिहून घ्या. वायर वाढली म्हणून वेंडर थोडे पैसे जास्त मागेल, द्या.

अर्ज कुठे अडकलाय ते पोर्टलवर लॉगिन केल्यावर दिसतं. तिथे उलगडा झाला नाही तर योजनेची हेल्पलाइन १५५५५ आहे. फोन करताना अर्ज क्रमांक आणि ग्राहक नंबर दोन्ही जवळ ठेवा.