फ्रेंच जंतुवाचक वैद्यकीय संज्ञांचे इंग्रजी भाषांतर

फ्रेंच वैद्यकीय लेखनातील रोगजंतूंची नावे, त्यांच्या चाचण्या आणि निष्कर्ष इंग्रजीत आणण्याचे काम. फ्रेंचभाषक देशातून परतलेल्या रुग्णाची फाइल, फ्रेंच बनावटीच्या यंत्राची माहितीपुस्तिका किंवा जुना शोधनिबंध हाती आला की ते लागते. कोल्हापुरात डॉक्टर आणि पशुवैद्य कागदावर इंग्रजी लिहितात, पण रुग्णाशी आणि गोठ्यात मराठीच बोलतात. त्यामुळे संज्ञेचा प्रवास फ्रेंच–इंग्रजी–मराठी असा तीन भाषांतून होतो. शब्दावरून शब्दावर उडी मारली की यात चुका होतात. आधी जंतू कोणता, रोग कोणता हे पक्के करायचे आणि मगच नाव लिहायचे.

‘मिक्रोब’ हा शब्द शल्यविशारद शार्ल-एमान्युएल सेदियो यांनी 1878 मध्ये सुचवला. कोशकार एमिल लित्रे यांनी त्याला मान्यता दिली, पाश्चर यांनी तो उचलला आणि थोड्याच वर्षांत तो इंग्रजीत ‘मायक्रोब’ म्हणून रुळला. हा शब्द फारसा त्रास देत नाही. ‘जेर्म’ मात्र देतो. लॅबच्या अहवालात त्याचा अर्थ जंतू, म्हणून इंग्रजी अहवालात ‘ऑरगॅनिझम’ लिहावे. ‘जर्म’ हा बोलीतला शब्द तिथे शोभत नाही. पण ‘जेर्म’ म्हणजे धान्याचा कोंबही. 2011 मध्ये जर्मनीत आणि फ्रान्समध्ये बोर्दोजवळ ई. कोलाय ओ104:एच4 या जंतूची साथ आली, तेव्हा फ्रेंच कागदपत्रांत ‘ग्रेन जेर्मे’ हे शब्द वारंवार आले. त्याचा अर्थ जंतू लागलेले दाणे नव्हे, तर मोड आलेले दाणे. संशय मेथीच्या मोडांवर होता. मिसळीसाठी मटकी भिजवून फडक्यात बांधणाऱ्या घरात हा फरक समजावून सांगावा लागत नाही, पण घाईत भाषांतर करताना नेमका हाच निसटतो.

‘व्हिरुस’ या शब्दाचा अर्थ काळानुसार बदलतो. पाश्चर यांच्या काळात तो कोणत्याही संसर्गकारक विषाला लावत, जिवाणूलासुद्धा. म्हणून 1880 च्या दशकातील मजकुरात तो दिसला की आजच्या अर्थाने विषाणू समजू नये. इंग्रजीत ‘व्हायरस’ ठेवायचा तर जुना अर्थ टिपेत सांगावा.

सर्वांत धोक्याची जागा ‘शारबों’ आणि ‘आंत्राक्स’ ही जोडी. फ्रेंच ‘शारबों’ म्हणजे कोळसा, आणि रोग म्हणून इंग्रजी अँथ्रॅक्स. फ्रेंच ‘आंत्राक्स’ म्हणजे मात्र इंग्रजी कार्बंकल: शेजारशेजारच्या गळवांचा एकत्र झालेला गड्डा. तो बहुधा मानेवर किंवा पाठीवर, मधुमेही माणसात दिसतो आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियसमुळे होतो. अँथ्रॅक्स हा ग्रीक शब्द आणि कार्बंकलच्या मुळाशी असलेला लॅटिन शब्द, दोन्हींचा अर्थ कोळसाच. फ्रेंच आणि इंग्रजीने हे शब्द वेगवेगळ्या रोगांना वाटून घेतले. मराठीने तर दोन्हींना एकच नाव दिले, काळपुळी. म्हणून या ठिकाणी मनातल्या मनात मराठीत अर्थ लावून पाहणारा हमखास फसतो.

जनावरांच्या कागदपत्रांत आणखी एक भर पडते. ‘शारबों सेंप्तोमातीक’ हा अँथ्रॅक्सचा प्रकार नाही. तो क्लॉस्ट्रिडियम शोव्हेईमुळे होणारा ब्लॅक क्वार्टर, म्हणजे आपल्याकडचा फऱ्या. साधा ‘शारबों’ किंवा ‘शारबों बाक्तेरिदियँ’ म्हणजे फाशी, बॅसिलस अँथ्रासिसचा रोग. कोल्हापूरसारख्या दुधाच्या जिल्ह्यात या दोन नावांत गल्लत परवडत नाही. फऱ्यात वासराच्या किंवा तरण्या जनावराच्या फऱ्यावर सूज येते आणि दाबली की ती आतून चरचरते. फाशीत जनावर अचानक मरते, नाकातोंडातून न गोठणारे काळपट रक्त येते आणि ते मढे उघडायचे नसते, कारण हवा लागली की जंतू बीजाणू बनवतात आणि ते मातीत वर्षानुवर्षे टिकतात. फाशीऐवजी फऱ्या लिहिले गेले, तर शवविच्छेदन न करण्याची सूचनाच वाचणाऱ्यापर्यंत पोचत नाही. जुन्या निबंधांत ‘बाक्तेरिदी’ हा फ्रेंच वैद्य दावेन यांचा शब्द भेटतो. तोही बॅसिलस अँथ्रासिसच.

‘पेस्त’ म्हणजे प्लेग. त्याचे इंग्रजी ‘पेस्ट’ केले की वाचकाला उपद्रवी प्राणी दिसू लागतात, आणि फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमों यांच्या प्लेगवरील 1898 च्या निबंधात उंदीर आणि पिसवा सगळीकडे असल्याने वाक्य खोटे असूनही खरे वाटते. सिमों यांनी मुंबईत काम केले आणि 1898 मध्ये कराचीत पिसवेमार्फत होणारा प्रसार दाखवला. त्याच सुमारास ही साथ कोल्हापूर संस्थानातही होती, त्यामुळे इथल्या इतिहासाच्या अभ्यासकाला हा निबंध कधी ना कधी लागतोच. ‘राज’ म्हणजे रेबीज, आणि ‘आंजीन’ म्हणजे घशाचा दाह. छातीतली कळ हवी असेल तर फ्रेंचमध्ये ‘आंजीन द प्वात्रीन’ असे पूर्ण लिहितात.

फ्रेंच डॉक्टर आजही जंतूला शोधकाच्या नावाने हाक मारतात. ‘बासीय द कॉक’ किंवा नुसते ‘बीके’ म्हणजे क्षयाचा जंतू, ‘बासीय देबेर्त’ म्हणजे टायफॉइडचा, ‘बासीय द हान्सेन’ म्हणजे कुष्ठरोगाचा. ‘बासीय पिओसियानीक’ म्हणजे स्युडोमोनास एरुजिनोसा, ‘कोलिबासीय’ म्हणजे ई. कोलाय. इंग्रजीत आजचे शास्त्रीय नाव लिहावे. निबंध ऐतिहासिक असेल तर मूळ नाव ठेवून शास्त्रीय नाव टिपेत द्यावे. आद्याक्षरेही बदलतात: एसएआरएमचे एमआरएसए (मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस), बीएलएसईचे ईएसबीएल (अनेक प्रतिजैविके निकामी करणारे जंतूंचे विकर), सीएमआयचे एमआयसी (जंतूची वाढ रोखणारी औषधाची किमान मात्रा), यूएफसीचे सीएफयू (जंतू मोजण्याचे एकक), बीएएआरचे एएफबी (क्षयाच्या तपासणीत शोधतात ते जंतू). क्षयाच्या लशीचे बीसीजी हे नाव तसेच राहते, कारण काल्मेत आणि गेरें यांची नावे इंग्रजीनेही जशीच्या तशी घेतली.

अहवाल हाती घेतला की आधी नमुना कोणता ते पाहावे. ‘सेल’ म्हणजे शौच, पेशी नव्हे. पेशींना ‘सेल्युल’ म्हणतात. ‘क्राशा’ म्हणजे बेडका, ‘एमोक्युल्त्यूर’ म्हणजे ब्लड कल्चर, ‘जेलोझ’ म्हणजे अगार (जंतू वाढवण्याचे माध्यम), ‘सूश’ म्हणजे स्ट्रेन (जंतूचा वाण). ‘रार’ कोकाय (कोकाय म्हणजे गोल जिवाणू) म्हणजे दुर्मीळ कोकाय नव्हे, थोडेसे दिसलेले. इंग्रजीत ‘ऑकेजनल’ किंवा ‘स्कँटी’. ‘कोंत्रोल’ बहुधा पुन्हा तपासणी सुचवतो. ‘एचआयव्हीने कोंतामिने’ म्हणजे एचआयव्हीची लागण झालेला माणूस. त्याला इंग्रजीत ‘कंटॅमिनेटेड’ म्हणणे चूक तर आहेच, शिवाय त्या माणसाचा अपमानही आहे.

मग आकडे. फ्रेंचमध्ये दशांशाला स्वल्पविराम येतो आणि हजारांच्या गटात मोकळी जागा: 0,5 म्हणजे 0.5, आणि 10 000 म्हणजे दहा हजार. 10⁵ चा घातांक कॉपी-पेस्ट करताना खाली उतरून 105 होतो. ही चूक नेहमीची आहे आणि तिच्यामुळे लाखाचे एकशे पाच होतात. लघवीच्या फ्रेंच तपासणीत पेशी दर मिलिलिटरला मोजतात, आपल्याकडच्या अहवालात दर हाय-पॉवर फील्डला (सूक्ष्मदर्शकात एका वेळी दिसणाऱ्या भागाला), म्हणून एकक सोडू नये आणि बदलूही नये. लघवीतल्या ई. कोलायसाठी तिथे दर मिलिलिटरला 10³ सीएफयू ही मर्यादाही अर्थपूर्ण मानतात. आपल्या सवयीच्या 10⁵ शी जुळत नाही म्हणून भाषांतरकाराने ती ‘सुधारू’ नये.

प्रतिजैविकांच्या तक्त्यात ‘सांसीब्ल’चे (जंतू औषधाला दाद देतो) इंग्रजी ‘ससेप्टिबल’, ‘सेन्सिबल’ नव्हे. निकालाच्या रकान्यातल्या ‘आय’ या अक्षराला टीप लागतेच. फ्रान्समध्ये युकास्ट या युरोपीय समितीचे निकष चालतात आणि 2019 पासून तिथे ‘आय’ म्हणजे जास्त मात्रेत गुणकारी. सीएलएसआय या अमेरिकी संस्थेच्या निकषांच्या तक्त्यात ते ‘इंटरमीजिएट’ असते. टिपेत निकष कोणाचे आणि कोणत्या वर्षाचे ते लिहावे, म्हणजे वाचणारा डॉक्टर चालणारे औषध नाहक टाळणार नाही. शेवटी दोघांनी बसावे: एकाने मूळ फ्रेंच कागदावरचे आकडे आणि अक्षरे मोठ्याने वाचावीत, दुसऱ्याने इंग्रजी प्रतीवर एकेक बोट ठेवत जावे, आणि मूळ कागदाची प्रत भाषांतराला जोडूनच द्यावी.