भावदर्शी वर्णन (ग्रामीण विदर्भातील कथालेखन)

भावदर्शी वर्णन म्हणजे पात्राच्या मनातील भावना तिचे नाव न घेता वाचकापर्यंत पोचवण्याचे कथालेखनातील तंत्र. 'गंगूबाईला फार वाईट वाटले' हे नुसते विधान झाले. तव्यावरची भाकर करपत असताना गंगूबाई पिठाचा डबा पुसत बसली, असे लिहिले की वाईट वाटणे दिसू लागते. या तंत्राचा भार क्रियापदांवर आणि नामांवर असतो, विशेषणांवर फार थोडा. ढसाढसा, अतीव, विलक्षण, हृदयद्रावक अशा शब्दांनी भरलेले पान भावदर्शी मानले जात नाही. अशा पानात भावना लेखकाची असते, पात्राची नव्हे.

ग्रामीण विदर्भाच्या कथेत हे तंत्र जास्तच लागते, कारण इथला कास्तकार आणि मजूर मनातले सहसा थेट बोलत नाही. 'कसं हाये?' या प्रश्नाला 'हाये' एवढे उत्तर येते. त्यात पीक बुडाल्यापासून पोरीची सोयरीक जुळल्यापर्यंत काहीही मावते. ते ओळखण्यासाठी माणसाचे हात काय करताहेत हे बघावे लागते. हातातले काम पट्ट्यागणिक बदलते. पश्चिमेकडे वऱ्हाडात कापूस, सोयाबीन, तूर आणि संत्रा. पूर्वेकडे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत धान, तलाव, मोह आणि तेंदूपत्ता.

शास्त्रातील आधार

भरताच्या नाट्यशास्त्रातील रससूत्रानुसार विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून रस, म्हणजे प्रेक्षकाला येणारा भावनेचा आस्वाद, निपजतो. विभाव म्हणजे भावना जागवणारे कारण आणि परिसर. अनुभाव म्हणजे ती ज्या हालचालींतून बाहेर दिसते त्या हालचाली. व्यभिचारी भाव म्हणजे शंका, चिंता, असूया अशा येऊन जाणाऱ्या छटा; भरताने त्या ३३ मोजल्या आहेत. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने रस सांगता येत नाही, सुचवावाच लागतो, असा सिद्धांत मांडला. अकराव्या शतकातील मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त रसदोषांची यादी दिली, तिची सुरुवातच भावनेचे नाव घेण्याच्या दोषाने होते. लगेच पुढचा दोष नेमका उलटा आहे: अनुभाव आणि विभाव इतके आडून सांगायचे की वाचकाला ओढूनताणून अर्थ लावावा लागेल. नवे लेखक पहिला दोष टाळायला शिकले की दुसऱ्यात पडतात. पाश्चात्त्य समीक्षेत टी. एस. एलियट यांनी १९१९ मध्ये जवळपास हेच सांगितले: भावना व्यक्त करायची तर तिच्या जोडीची वस्तू, प्रसंग किंवा घटनांची साखळी शोधावी लागते.

भरताने आठ सात्त्विक भावही दिले आहेत: स्तंभ (जागीच खिळणे), स्वेद (घाम), रोमांच, स्वरभंग, वेपथु (थरथर), वैवर्ण्य (रंग उडणे), अश्रू आणि प्रलय (शुद्ध हरपणे). ही शरीराची आपोआप होणारी लक्षणे. रंगमंचावर ती नट प्रत्यक्ष करून दाखवतो, म्हणून तिथे ती ताजी राहतात. कागदावर त्यांची झीज झाली आहे. अंगावर काटा आला, घसा दाटून आला, हातपाय थरथरले, चेहरा पांढराफटक पडला, डोळ्यांत पाणी तरळले ही वाक्ये वाचकाची नजर न थांबता ओलांडून जाते. कथेला जास्त उपयोगी पडतो तो अनुभाव, म्हणजे माणसाने त्या अवस्थेत केलेले काम.

विदर्भाच्या मातीत याचा जुना दाखलाही आहे. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकात म्हाइंभटांनी सिद्ध केलेले 'लीळाचरित्र' छोट्या छोट्या प्रसंगांनी उभे आहे. कोण कुठे बसले, काय म्हणाले, काय खाल्ले एवढे सांगायचे, भाष्य फारसे करायचे नाही, अशी ती गद्याची रीत आहे. आधुनिक काळात उद्धव शेळके यांच्या 'धग' (१९६०) या कादंबरीने वऱ्हाडी संवादांतून घरातली ओढाताण मांडली.

बांधणी

पहिल्या खर्ड्यात भावनेचे नाव बिनदिक्कत लिहावे. 'तो खचला' असे लिहिल्याशिवाय आपल्याला काय दाखवायचे आहे हे लेखकालाच पक्के होत नाही. मग त्या वाक्याखाली रेघ ओढून चार गोष्टी शोधायच्या: त्या क्षणी पात्र कोणत्या कामात आहे, हाताशी कोणती वस्तू आहे, त्या कामात नेहमीपेक्षा वेगळे काय घडले, आणि तोंडून काय निघाले किंवा निघाले नाही. तिसरी गोष्ट सगळ्यात मोलाची. रोजचे काम रोजच्यासारखे होताना भावना दिसत नाही. कामाची लय कुठे मोडते तिथे ती दिसते.

उदाहरणार्थ, 'पाऊस न आल्याने तो पार खचला' हे वाक्य घेऊ. विदर्भात कोरडवाहू पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच करावी, असा कृषी विभागाचा सल्ला असतो. पण मृगाच्या पहिल्या सरीवर सरकी टोबणारे असतातच. पाऊस ओढ देतो आणि दोबार पेरणीची वेळ येते. दुसरा खर्डा असा होऊ शकतो:

तो पेरलेल्या तासाच्या कडेला उकिडवा बसला. बोटाने माती उकरली. सरकी फुगून फुटली होती, अंकुर पांढरा, टोकाशी तपकिरी. त्याने ती होती तिथेच ठेवली, वरून माती सारली आणि तळहाताने दाबली. घरी आल्यावर बायकोने विचारलं, "कसं हाये?" "हाये," तो म्हणाला, आणि पाण्याचा तांब्या उचलला.

यात खचण्याचे नावही नाही. मेलेले बी परत मातीत झाकणे ही एकच कृती सगळे काम करते, कारण ती व्यवहारात निरुपयोगी आहे आणि ते त्यालाही ठाऊक आहे. 'टोकाशी तपकिरी' या दोन शब्दांमुळे शेती न केलेल्या वाचकालाही बी गेल्याचे कळते. इथे मम्मटाचा दुसरा दोष टळतो. शेवटी 'त्याच्या मनात काहूर माजले होते' असे वाक्य जोडले तर वरचे पाच ओळींचे काम वाया जाते. खर्डा तपासताना अशी शेपटी हमखास सापडते आणि ती कापणे हाच सगळ्यात स्वस्त सुधार आहे.

मात्रा महत्त्वाची. शंभरेक शब्दांच्या परिच्छेदात नेमके तपशील दोन, फार तर तीन. चौथा आला की वाचक भावना सोडून यादी वाचू लागतो. तीन हजार शब्दांच्या कथेत असे जवळून दाखवलेले प्रसंग दोन-तीनच ठेवावेत. बाकी ठिकाणी 'तो चिडून निघून गेला' एवढे पुरते. प्रत्येक भावना दाखवायचीच, असा हट्ट धरलेली कथा पुढे सरकतच नाही.

दुःखापेक्षा आनंद दाखवणे अवघड जाते. आनंदात माणूस काम नीटच करतो, लय मोडत नाही. तिथे अतिरेक उपयोगी पडतो. भाऊबीजेला माहेरचा माणूस येणार म्हणून सून सकाळपासून तिसऱ्यांदा सडा शिंपडते आणि सासू म्हणते, "कायले शिंपून राह्यली वो? चिखल केला साऱ्या आंगनाचा." कुरकुर सासूची, आनंद सुनेचा, आनंदाचे नाव कोणीच घेतलेले नाही. भीतीसाठीही असाच आडवा मार्ग असतो. मार्च-एप्रिलमध्ये वाघाच्या जंगलात पहाटे मोहफुले वेचायला जाणाऱ्या बाया मोठमोठ्याने बोलत चालतात. तो मोठा आवाज हाच भीतीचा अनुभाव. एखादीचे वाक्य अर्ध्यात थांबले की प्रसंगाला धार येते. 'ती घाबरली' लिहिण्याची गरजच उरत नाही.

ढग, ऊन आणि पिकाचे दिवस

आभाळ भरून आले म्हणजे मन उदास, हे समीकरण शहरी कथेतून आले आहे. विदर्भाच्या गावात ते बहुतेक वेळा चुकीचे ठरते. ढगाचा अर्थ पिकाच्या दिवसांवर ठरतो. ७ जूनच्या आसपास मृग लागतो तेव्हा तोच ढग जिवात जीव आणतो. दिवाळीनंतर पऱ्हाटीची (कपाशीची) बोंडे फुटलेली असताना आलेल्या ढगाने घर गप्प होते: कापूस भिजला तर पिवळा पडतो, ओल धरतो आणि भाव खाली येतो. हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याची मर्यादा ८ ते १२ टक्के असते, त्यामुळे एका सरीचा हिशेब थेट काट्यावर कळतो. त्याच सुमारास तूर फुलोऱ्यावर असते आणि ढगाळ हवेत शेंगा पोखरणारी अळी वाढते. फेब्रुवारी-मार्चमधला काळा ढग गारा घेऊन येऊ शकतो. गहू, हरभरा, संत्रा तिन्ही उघड्यावर असतात. पूर्वेकडे जुलैत रोवणीसाठी (धानाची रोपे लावण्यासाठी) पाऊस हवा असतो, पण कापून बांधीत पसरलेल्या धानाच्या कडपांवर तो नको असतो. मे महिन्यात फळीवर (पाने गोळा करण्याच्या जागेवर) वाळत घातलेल्या तेंदूपत्त्यालाही नको असतो. एकाच गावात पेरणीवाला आणि वीटभट्टीवाला एकाच ढगाकडे बघून दोन वेगळ्या गोष्टी करतात. असा प्रसंग लिहायला घेतला तर संघर्षासाठी वेगळे काही शोधावे लागत नाही.

उन्हाचेही तसेच. २५ मेच्या सुमारास सुरू होणाऱ्या नवतप्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. 'रणरणते ऊन' लिहून वाचकाला काहीच मिळत नाही. दुपारी कुलूप लावायला गेलेल्या बाईने लोखंडी कडी पदराने धरली, हे लिहिले की ऊन कळते. तिने ती उघड्या हाताने धरली आणि तिच्या लक्षातही आले नाही, हे लिहिले की तिचे मन कुठे आहे ते कळते.

वास फार कमी वापरला जातो, आणि ही मोठी उणीव आहे. सरकी ढेपेचा गोठ्यातला वास, फवारणीनंतर सदऱ्याला येणारा औषधाचा वास, वाळत्या मोहफुलांचा गोडसर उग्र वास यांतले काहीही त्या घराची अवस्था एका ओळीत सांगू शकते. पोळ्याच्या दिवशी रिकाम्या गोठ्यात ढेपेचा वास अजून येतो, एवढ्यावर बैल विकल्याचे दुःख लिहून होते.

नेहमी फसते ते

तपशील खोटा निघाला की भावनाही खोटी वाटते. जून महिन्यात कमरेएवढ्या पऱ्हाटीत उभी राहून रडणारी नायिका वऱ्हाडातल्या वाचकाला हसवते. महिना, पिकाची उंची, हातातले अवजार आणि त्या दिवसांची मजुरीची कामे या चार गोष्टी लिहिण्याआधी जुळवून घ्याव्यात. वखर पेरणीआधी चालतो, तिफण पेरणीला, डवरा पीक उभे असताना. रागाने डवरा फेकणारे पात्र एप्रिलमध्ये दाखवता येत नाही.

दुसरी खोड म्हणजे वाळलेले झाड, फासाची दोरी, फाटका सातबारा. विदर्भ म्हटले की हीच तीन चित्रे काढायची सवय बाहेरच्यांना लागली आणि इथल्यांनीही उचलली. शेतकऱ्याचे दुःख खरे आहे; चित्रे मात्र वापरून गुळगुळीत झाली आहेत. चुकारा (विकलेल्या मालाचे पैसे) जमा झाला का हे बघायला रोज बँकेत जाऊन पासबुक छापून आणणारा म्हातारा आणि त्या पासबुकातली एकाखाली एक तीच शिल्लक जास्त सांगते.

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीचा नियम मात्र निराळा. दिवाळीनंतर गावोगावी, शंकरपट (बैलांच्या शर्यती) आणि मंडईच्या (गावजत्रेच्या) निमित्ताने रात्रभर चालणाऱ्या या नाटकांत पात्रे आपले दुःख नाव घेऊन, मोठ्याने, गाण्यासह सांगतात. हजारोंच्या उघड्या मांडवात शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचे तर तेच हवे. तिथली स्वगते जशीच्या तशी कथेत उतरवणारे लेखक फसतात. नाटक वाईट असते म्हणून नव्हे, तर कथेचा वाचक पानाशी एकटा आणि जवळ असतो म्हणून.

बोलीचा वापर

निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद वऱ्हाडीत, अशी वाटणी बहुतेक लेखक करतात आणि ती सोयीची आहे. संवादात 'मले', 'तुले', 'करून राह्यलो' आणि ळ-चा य ('डोये', 'काया') ही रूपे एका पात्राच्या तोंडी शेवटपर्यंत सारखी ठेवावीत. 'मला' आणि 'मले' कारण नसताना आलटूनपालटून आले तर वाचक बोलीऐवजी मुद्रणदोष बघतो. भावना तीव्र झाली की बोलीतले वाक्य आखूड होते, लांबत नाही. शिव्या आणि 'बाप्पा', 'माय वो' यांची गर्दी करून तीव्रता वाढत नाही.

कारण असेल तेव्हा मात्र हीच सरमिसळ नेमकी वापरता येते. घरात 'मले नाई पाह्यजे' म्हणणारा माणूस बँकेच्या खिडकीपुढे 'साहेब, मला एवढंच विचारायचं होतं' असे म्हणतो. त्याचे वाकणे त्या 'मला'मध्ये आहे. हात जोडलेले दाखवायची गरज नाही. आणि तोच माणूस खिडकीपुढेच एकदम 'मले समजते सारं' म्हणाला, तर राग कोणत्या शब्दापासून सुरू झाला ते वाचकाला बोट ठेवून दाखवता येते. हे साधायचे तर आधीच्या पानांवर त्याची बोली एकदाही घसरलेली चालत नाही.