कॉम्प्युटरवर घेतल्यानं कॅसेटमधलं चित्र बिघडत नाही

मुंजी-लग्नांच्या जुन्या मिनी डीव्ही कॅसेट कपाटातून निघाल्या की पुण्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं: कॉम्प्युटरवर घेतलं की क्वालिटी जाणारच. व्हीएचएसच्या काळात, कॉपीवरून कॉपी काढताना, ते खरं होतं. डीव्ही डिजिटल असते, तिला ते लागू नाही. कॅमेरा कॉम्प्युटरला जोडणाऱ्या फायरवायर केबलनं टेपवरचा डेटा जसाच्या तसा हार्ड डिस्कवर उतरतो, तासाला साधारण १३ जीबी.

मग कॉम्प्युटरवर हलत्या हाताच्या कडेला कंगव्याचे दात का फुटतात? आपल्याकडच्या पाल (PAL) पद्धतीच्या कॅमेऱ्यात सेकंदाला २५ फ्रेम, पण प्रत्येक फ्रेम दोन हप्त्यांत, म्हणजे दोन फील्डमध्ये, टिपली जाते: आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. जुना ट्यूबचा टीव्ही त्या तशाच पाळीपाळीनं दाखवायचा. कॉम्प्युटर दोन्ही एकदम दाखवतो, आणि मधल्या १/५० सेकंदात हात सरकलेला असतो. मोबाइलसाठी फाइल काढताना डीइंटरलेस करा, म्हणजे या ओळींचे दात काढून सलग फ्रेम बनवून घ्या. चित्र थरथरत असेल तर बहुधा फील्डचा क्रम उलटा पडलाय. डीव्हीत खालचं फील्ड आधी असतं.

एडिटिंगच्या प्रिव्ह्यूवरून तर काहीच ठरवू नका, तो बऱ्याचदा मुद्दाम हलका ठेवलेला असतो. चित्रातले चौकोनी ठोकळे मात्र टेपचे किंवा कॅमेऱ्याच्या मळलेल्या हेडचे. तपकीर गल्लीतून, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, कितीही महाग केबल आणलीत तरी ते जायचे नाहीत.